पिशोरकर सरांचा अंगठा

पिशोरकर सर शाळेत आम्हाला कवायत शिकवायचे आणि शाळा सुटली की गल्लीतल्या लोकांची दुखणी काढायचे. आवाज दोन्हीकडे एकच. त्यांचं शिक्षण निजामाच्या अमलात उर्दूत झालेलं. पोलीस अ‍ॅक्शननंतर शाळा मराठी झाल्या, सरही मराठी झाले, पण कवायतीचे हुकूम तेवढे उर्दूतच राहिले. "सीना बाहर, नजर सामने" असं ते ओरडले की मैदानातली पोरं तर ताठ व्हायचीच, कुंपणाबाहेरचा भेळवालाही उगाच पाय जुळवायचा. एका तपासणीस साहेबांनी यावर आक्षेप घेतला होता. सरांनी त्यांना पाठीचा त्रास आहे हे उभं राहण्याच्या पद्धतीवरून ओळखलं आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतच त्यांना पालथं पाडलं. शेऱ्यात काही आलं नाही.

सरांचं घर गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, आमच्या घरासमोर. दोन खोल्या आणि पुढे ओटा. ओट्यावर शाळेतून बाद झालेला एक बाक. त्यावर दुखणाईत माणूस पालथा झोपायचा, त्याचे पाय गुडघ्यापासून पुढे हवेत राहायचे. जाणारे-येणारे पायांवरून ओळखायचे की आज कोण आलंय. बाकाच्या फळीवर जुन्या पोरांनी करकटकानं कोरलेली नावं होती, ती रोग्याच्या गालावर उमटायची. औषध म्हणाल तर तिळाचं तेल, तेही काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आतून कोमट करून आणून द्यायच्या. बाकी सगळं काम सरांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं. तो अंगठा रुंद होता, वर थोडा चपटा होता आणि सरांना त्याचा भारी अभिमान होता. जेवतानासुद्धा ते त्याला जपून वापरायचे.

सरांचं एक शास्त्र होतं. "शरीराला काय पडलंय दुखायची? त्याला माणसं दुखायला लावतात," असं ते म्हणायचे, आणि कुठल्या माणसानं कुठं दुखवायचं याची वाटणीही त्यांनी करून टाकली होती. मान म्हणजे ऑफिसातला साहेब किंवा सासरा, कारण त्यांच्यापुढं ती वाकवावी लागते. उजवा खांदा भावाचा. डावा बायकोच्या माहेरच्यांचा, मुख्यतः मेहुण्याचा. पाठ पोटच्या पोरांसाठी राखीव. गुडघे सासू-सुनांनी आपापसात वाटून घ्यायचे. आणि कंबर म्हणजे सख्खी बहीण. हे कोणत्या ग्रंथात आहे, असं गल्लीतल्या एका वैद्यानं विचारलं होतं. सरांनी त्याला अंगठा दाखवला. वैद्याला तो अपमान वाटला, पण सर पुरावाच दाखवत होते.

इलाज असा असायचा. दुखऱ्या जागी अंगठा रोवायचा आणि विचारायचं, "कुणाशी बोलत नाही?" रोगी आधी म्हणायचा, तसं काही नाही सर, परवा पोतं उचललं तेव्हापासून दुखतंय. सर अंगठा थोडा फिरवायचे. मग नाव यायचं. तो अंगठा अशा जागी बसायचा की माणसानं शेजाऱ्याच्या भांडणातलं नावसुद्धा आपलं म्हणून सांगितलं असतं. नाव आलं की अंगठा सुटायचा, रोग्याला हायसं वाटायचं, आणि ते हायसं वाटणं सर आपल्या शास्त्राच्या खात्यावर जमा करायचे. पथ्य सगळ्यांना एकच. ज्याचं नाव निघालं त्याच्या घरी जाऊन पोटभर जेवायचं. पुन्हा वाढलं तर नको म्हणायचं नाही.

या पथ्यानं गल्लीत बराच गोंधळ केला. माझ्या वडिलांची मान त्यांच्या साहेबाच्या नावावर निघाली. वडील रविवारी सकाळी त्याच्या बंगल्यावर जाऊन बसले आणि जेवायची वेळ झाली तरी उठेनात. साहेबाला वाटलं, हे बढतीसाठी धरणं धरून बसलेत. समोरच्या आळीतल्या गोदावरीबाई आणि त्यांची सून नलिनी, दोघींचे गुडघे एकदमच धरले, तेव्हा सरांनी त्यांना रोज संध्याकाळी एकमेकींचे गुडघे चोळायला लावले. दोघी चोळता चोळता भांडायच्या. जितकं भांडण चढेल तितका हाताला जोर यायचा. महिनाभरात दोघींचे गुडघे मोकळे झाले आणि भांडण होतं त्याहून तेजीत आलं. सर म्हणाले, आता ते तोंडात आलं, गुडघ्यात राहिलं नाही, आणखी काय पाहिजे?

आता या शास्त्रातली एक अडचण सगळ्या गल्लीला माहीत होती. दर दिवाळीला, अगदी भाऊबीजेच्या आसपास, सरांची स्वतःची कंबर धरायची.

सरांना एकच बहीण. आक्का. त्यांच्यापेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेल्यामुळे सरांना आक्कानंच वाढवलं. तिचं लग्न होऊन ती खुलताबादला निघाली तेव्हा हे तिचा पदर सोडेनात, म्हणून सासरच्यांनी नाइलाजानं नवरीसोबत हेही नेले. चौथीपर्यंत सर बहिणीच्या सासरी वाढले. सासू यांना वाढताना हात आखडायची आणि आक्का आपल्या पानातली भाकरी यांच्या पानात सरकवायची. हे मला सरांनी कधी सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं, तेही सर ऐकतील एवढ्या आवाजात.

बिघडलं ते आक्काच्या मुलीच्या, शोभाच्या लग्नात. शोभा एकुलती एक आणि सर तिचे एकुलते एक मामा. मुलीला बोहल्यावर मामानं आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं, हा मामाचा मान. सरांनी त्यासाठी नवा फेटा घेतला होता आणि कसं उभं राहायचं याची घरी कवायत केली होती. पण मुहूर्ताच्या जरा आधी जानवशातून निरोप आला की मुलाकडच्या एका वजनदार पाहुण्यांची पाठ धरलीय. सर फेट्यासकट तिकडं गेले. पाहुणे निवृत्त नायब तहसीलदार होते. अंगठा रोवला आणि नावं यायला लागली. मोठा मुलगा, धाकटा मुलगा, मग दोन्ही सुना. इतका भरलेला माणूस सरांना आधी कधी मिळाला नव्हता. मांडवातून दोनदा बोलावणं आलं. सरांनी दोन्ही वेळा सांगितलं, "आलोच, आता थोडंच राहिलंय." मुहूर्त गोरजाचा. भटजी थांबेनात. शेवटी बाबूराव नावाच्या आक्काच्या एका लांबच्या भावाला कुणाची तरी टोपी घालून शोभाच्या मागं उभं केलं आणि अक्षता पडल्या.

सर आले तेव्हा लोक पंगतीसाठी जागा धरत होते. त्यांनी भर मांडवात विचारलं, मामा नसताना लग्न लागलंच कसं? आक्का म्हणाली, "मुहूर्त तुझ्या अंगठ्यासाठी थांबतो व्हय?" आजूबाजूचे हसले. ते हसले नसते तर पुढचं काहीच झालं नसतं असं मला अजूनही वाटतं. सर न जेवता निघाले आणि फेटा बांधलेलाच ठेवून एसटीनं औरंगाबादला आले.

तेव्हापासून बोलणं बंद. चूक सरांची होती हे सगळ्यांना कळत होतं, त्यांनाही. माणूस स्वतःच्या चुकीवर जितका रुसतो तितका दुसऱ्याच्या चुकीवर रुसत नाही. आक्काही त्याच रक्ताची. भाऊबीजेला भाऊ आला नाही तर बायका चंद्राला ओवाळतात. तसं तिनं पहिल्याच वर्षी अंगणात पाट मांडून चंद्राला ओवाळलं आणि ही बातमी औरंगाबादला वेळेवर पोचेल याची व्यवस्थाही केली. दुसऱ्या दिवशी सर बाकावर आडवे.

"थंडीनं धरली," सर म्हणाले.

"थंडी खुलताबादहून येते यांची," काकू म्हणाल्या आणि तेल तापवायला आत गेल्या.

पुढं दर दिवाळीला हेच. मुलं फटाके उडवायची, सर पालथे पडायचे. बाकी वर्षभर लोकांना बहिणीकडं जेवायला पाठवणारा हा माणूस स्वतःच्या कंबरेला कुणालाही हात लावू देत नसे. कारण हात लावला की प्रश्न येणार.

सरांची कीर्ती मात्र वाढत होती. कळस झाला तो वसंतरावांच्या डाव्या खांद्यानं. वसंतराव तहसील कचेरीत होते. खांदा दुखतो, दुखणं हातात उतरतं, अशी त्यांची तक्रार. सरांनी अंगठा टेकवायच्या आतच निदान केलं, मेहुणा. खरोखरच पैठणच्या मेहुण्याशी वसंतरावांचं बोलणं नव्हतं, कारण त्यानं त्यांची सायकल नेली आणि पुढचं चाक वाकवून आणली. वसंतराव पथ्याप्रमाणे पैठणला गेले. मेहुणा हरखला. पुरणपोळी झाली. तिसऱ्या पोळीला वसंतरावांना दरदरून घाम आला आणि ते ताटावरच कलंडले. मेहुण्यानं जीप मिळवली आणि त्यांना मांडीवर घेऊन दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा झटका आहे, आणि अशा माणसाला पुरणपोळी खायला धाडणारा कोण आहे तो मला बघायचाय. सर शेजारीच उभे होते. गल्लीचं म्हणणं मात्र वेगळं पडलं. वसंतरावांची बायको त्या दिवशी बाहेरगावी होती, घरी एकटे असते तर पाणी पाजायला कोण होतं? मेहुण्यानं वाचवलं, आणि मेहुण्याकडं सरांनी पाठवलं. झालं, पुढच्या रविवारी ओट्यापुढं रांग लागली. सरांनीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. फक्त त्यानंतर डाव्या खांद्याचा माणूस आला की ते नाव विचारायच्या आधी हळूच विचारायचे, घाम येतो का? येतो म्हटलं की त्याला स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेऊन बसवायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत.

गल्लीत टीव्ही येऊन एक-दोन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. एका रविवारी शोभा आली. लग्नानंतर ती कन्नडला राहायची. आता दोन मुलांची आई झालेली. बाकावर एक किराणा दुकानदार पालथा होता, मी माझी पाळी यायची वाट बघत पायरीवर बसलो होतो. शोभा ओट्याच्या खालीच उभी राहिली आणि म्हणाली, मामा, आईचा उजवा हात उठत नाही. पंधरवडा झाला. पदरसुद्धा डोक्यावर घेता येत नाही.

सरांचा अंगठा दुकानदाराच्या पाठीत होता. वर न बघता त्यांनी सवयीनं विचारलं, "कुणाशी बोलत नाही ती?"

शोभा म्हणाली, "तुमच्याशी, मामा."

दुकानदारानं मान वळवून सरांकडं पाहिलं. सरांनी त्याचं डोकं पुन्हा बाकावर दाबलं. उजवा खांदा भावाचा, हे सरांच्याच शास्त्रातलं. लोकांना घातलेल्या कोड्याचं उत्तर आता त्यांना स्वतःला द्यायचं होतं. शोभा सांगत होती की डॉक्टर म्हणतात डोक्यातली शीर बंद झालीय, त्यामुळं हात गेलाय. सरांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी आत जाऊन तेलाची बाटली आणली, कसं चोळायचं ते तिला नीट समजावून सांगितलं, आणि स्वतः मात्र ओट्यावरच राहिले. पुढच्या आठवड्यात बाटली परत आली. बूचही उघडलेलं नव्हतं. सोबत निरोप, तेलाची दुकानं इथं बी हायत म्हणावं त्याला.

त्यानंतर सर लोकांना नाव विचारीनासे झाले. नुसतेच दाबायचे. लोकांना त्यात राम वाटेना. नाव न विचारता दाबायला न्हावीही दाबतो, असं म्हणत रांग पातळ झाली. आणि ऐन चैत्रात, भर उन्हात, सरांची कंबर धरली. अशी धरली की त्यांना कुशीवरही होता येईना. आम्ही चौघांनी उचलून त्यांना ओट्यावर आणलं आणि त्यांच्याच बाकावर पालथं घातलं. यावेळी थंडीचं नाव सांगायची सोय नव्हती.

काकूंनी पदर खोचला. इतकी वर्षं तेल तापवून देणाऱ्या बाईनं पहिल्यांदाच सरांच्या कंबरेत अंगठा रोवला.

"बोला, कुणाशी बोलत नाही?"

"ऊन बाधलं असेल," सर बाकात तोंड खुपसून म्हणाले.

काकूंनी अंगठा फिरवला. सर कण्हले. काकूंनी परत विचारलं नाही, फक्त वजन टाकलं. आणि सर "आक्का" म्हणाले. ते काही उत्तर दिल्यासारखं नव्हतं. घरात शिरल्यावर लहान पोर ज्या आवाजात हाक मारतं, त्या आवाजात म्हणाले. आम्ही सगळे इकडंतिकडं बघायला लागलो.

"मग चला जेवायला," काकू म्हणाल्या.

खुलताबादची काळीपिवळी जीप ठरवली. सरांना मागच्या बाकड्यावर आडवं घातलं आणि धरायला मला बसवलं. दौलताबादच्या पुढं घाट लागला तशी प्रत्येक वळणाला सर आई गं म्हणायचे. ड्रायव्हर मागं वळून म्हणायचा, "बस मास्टर, थोडा सबर करो," आणि वेग वाढवायचा.

आक्का बाजेवर बसली होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला. मी तिला प्रथमच पाहत होतो. सरांचंच नाक, सरांचीच हनुवटी, आणि बघण्यातला तो पोरांना ताठ करणारा धाकही तोच. सर उंबऱ्यातून काटकोनात वाकून आत आले. आक्कानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वाकायला कंबर धरावी लागली तुला," ती म्हणाली.

सर बाजेला धरून खाली बसले. मग भांडण सुरू झालं. इतकी वर्षं साचलेलं ते सगळं दोघांनी काढलं. पंगत, मुहूर्त, एसटी, चंद्राला ओवाळणं, बाटली. काकू आणि आईजवळ राहायला आलेली शोभा आत स्वयंपाकाला लागल्या होत्या, त्यांनी भांड्यांचा आवाज मुद्दाम वाढवला. सर म्हणाले, माझ्या जागी बाबूरावाला उभा केलास. 

"बाबूरावाकडं मी बघितलंच नाय रे दत्तू," आक्का म्हणाली. "अक्षता पडंस्तोवर मी दाराकडं बघत व्हते."

 सरांनी आक्काचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि खांद्याच्या खाली अंगठा रोवला. आक्का म्हणाली, दाब की. ते म्हणाले, दाबतोय. ती म्हणाली, मला कायच कळंना. त्यांनी आणखी जोर लावला. अंगठ्याचं नख पांढरं पडलं. ज्या अंगठ्याखाली नायब तहसीलदारानं घरदार सांगून टाकलं, त्याच्याखाली हा हात नुसता पडून राहिला. तेव्हा सर रडले. लपवायचा प्रयत्नही केला नाही. आक्का डाव्या हातानं त्यांच्या पाठीवर थापटत राहिली आणि आम्हाला म्हणाली, याला आधी जेवायला वाढा.

जेवताना सरांनी दुसऱ्यांदा भाकरी घेतली आणि हात धुवायला उठले ते सरळ उठले. काकूंच्या आणि माझ्या ते लक्षात आलं. सरांच्या आलं नाही, किंवा आलं तरी त्यांनी दाखवलं नाही. एरवी एवढ्यावर त्यांनी गल्लीत आठवडाभर भाषण दिलं असतं.

गल्ली निकालाची वाट बघत होती. बहीण-भाऊ बोलले, आता हात उठायलाच पाहिजे. सर परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, उठला का? सर म्हणाले, नाही. महिन्यानं विचारलं, तेव्हाही नाही. डॉक्टरांनी शीर सांगितली होती आणि ती शीरच निघाली. गल्लीला हे पचलं नाही. आक्काचं आणखी कुणाशी तरी वाकडं असणार, असा काहींनी तर्क काढला. एकानं तर बाबूरावाला खुलताबादला जेवायला पाठवावं असंही सुचवलं. सरांनी कुणाशी वाद घातला नाही. त्यांनी ओट्यावरचा बाक उचलून परसात ठेवला आणि शनिवारची शाळा सकाळची असते म्हणून दर शनिवारी दुपारची एसटी धरायला लागले.

मी तेव्हा बँकेत लागलो होतो. पावसाळा सरल्यावर एकदा कामासाठी खुलताबादला गेलो. मान दोन दिवस आखडलेली होती आणि शनिवार होता, म्हणून काम आटोपून आक्काच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आक्का अंगणातल्या पायरीवर बसली होती आणि तिच्या मागं, वरच्या पायरीवर, सर. त्यांच्या तोंडात कंगवा होता आणि दोन्ही हातांत आक्काच्या पांढऱ्या केसांचे तीन पेड. एका हातानं वेणी घालता येत नाही, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

"ओढू नकोस," आक्का म्हणत होती. "घोडं बांधतोस का?"

मी मानेचं सांगितलं. सरांनी कंगवा तोंडातून काढला. वाटलं, आता विचारतील.

"कुणा डॉक्टरला दाखव बाबा," ते म्हणाले. "मला यातलं फार कळत नाही."

आक्का म्हणाली, बस जरा, चहा टाकते शोभी. मी बसलो. सरांनी शेवटपर्यंत पेड घातले, गाठ मारली आणि मागं सरून वेणी पाहिली. ती डावीकडं गेली होती. आक्काला ती दिसणार नव्हती आणि ती कुठं बाहेरही जाणार नव्हती. सरांनी गाठ सोडली, केस मोकळे केले आणि पुन्हा पहिल्यापासून भांग पाडायला घेतला.